ठशाचा सांधा

आमच्या घरी दासबोधाची एक जुनी हस्तलिखित पोथी आहे. पोथीइतकेच तिचे बासनही माझ्या कुतूहलाचा विषय राहिले आहे. लाल व काळ्या रंगांत छापलेल्या चिटाचे ते कापड मुळात पणजीच्या पासोडीचे. पासोडी विरली तेव्हा तिचा बरा भाग कापून पोथीला बासन केले, असे आजी सांगत असे. आता बासनही विरले आहे. घड्यांवर ते फाटले असून मधल्या भागात वीतभर नक्षी तेवढी शाबूत उरली आहे. गेल्या दिवाळीत माझी नात, जी इंदुरास आरेखनाचे शिक्षण घेते, डोईफोडियास आली होती. तिने तो तुकडा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "आबा, एवढी नक्षी पुरे आहे. संगणकावर मी हिचे थानच्या थान करून देते."

तिने भ्रमणध्वनीने छायाचित्र घेतले, त्यातला एक चौकोन कापला आणि तो चौकोन शेजारीशेजारी मांडून पडदा भरून टाकला. जे दिसले ते कापड नव्हते. न्हाणीघराची फरशी होती. प्रत्येक चौकोनाची कड वेगळी दिसत होती, वेल मध्येच तुटत होती आणि छायाचित्राच्या एका बाजूला किंचित सावली पडलेली असल्यामुळे सगळ्या पडद्यावर उभे काळसर पट्टे उमटले होते. मूळ कापडात तर असे काहीच नव्हते. निदान तोवर आम्हांला तसे वाटत होते.

त्या रात्री वीज गेली, संगणक बंद पडला, आणि विजेरीच्या प्रकाशात भिंग घेऊन मी ते बासन पाहात बसलो. तिरप्या उजेडात सांधा दिसू लागला. चार-चार बोटांवर एक अस्पष्ट रेघ होती. दोन ठसे जेथे एकमेकांवर केसभर चढले होते तेथे काळा रंग जरा दाट उतरला होता. खालची रांग वरच्या रांगेच्या बरोबर खाली नव्हती, अर्ध्या ठशाने सरकलेली होती, जशा भिंतीतल्या विटा असतात. आणि एके ठिकाणी, दुसऱ्या व तिसऱ्या ठशाच्या मध्ये, वेलीचा दांडा दोन धाग्यांनी चुकला होता. छापणाऱ्याचा हात तेथे हलला असावा. शंभराहून अधिक वर्षे ते कापड घरात आहे, पण ही चूक कोणाच्या नजरेस आली नव्हती.

म्हणजे जुन्या कारागिरांनाही सांधा होताच. तो नाहीसा करण्याची नव्हे, तर डोळ्यांपासून लपविण्याची त्यांची विद्या होती. तिचा माग काढावा, एवढाच या लेखाचा हेतू.

बुऱ्हाणपूर म्हटले की मुमताजमहल आणि कुंडी भंडारा यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. मुमताजमहल १६३१ साली येथे वारली आणि कुंडी भंडाऱ्याचे भुयारी पाणी जहांगिराच्या काळापासून शहराला मिळत आले, हे खरेच. परंतु त्या काळचा व्यापारी या शहरात येई तो कापडासाठी. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला, फारुकींचे खानदेशचे राज्य संपले आणि बुऱ्हाणपूर हे दक्षिणेतील मोगली कारभाराचे मुख्य ठाणे झाले. अब्दुर्रहीम खानखानान येथे वर्षानुवर्षे राहिला. १६१५ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला तो अजमेरास जाण्यापूर्वी येथे थांबून शाहजादा परवेझला भेटला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये या शहरातून गेला. त्याने येथल्या अतिशय तलम, आरपार दिसणाऱ्या मलमलीचे वर्णन केले आहे. ती इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असे. काही रंगविलेली, काही फुलांनी नटविलेली, तर काही पांढरीच ठेवून सोन्याचांदीच्या तारेची पट्टी घातलेली, असे तो लिहितो. तारेचा हा धंदा, म्हणजे कलाबतू आणि जरी, या शहरात पुढेही दीर्घकाळ टिकला.

मराठ्यांचे लक्ष या शहराकडे गेले नसते तरच नवल. १६८१ च्या प्रारंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरलगतच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला. (छापा हा शब्द आपल्या भाषेत मोहिमेलाही चालतो आणि कापडालाही, ही एक गंमत.) १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बुऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांस दिले, १७७८ मध्ये ते शिंद्यांकडे आले, १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी घेऊन परत केले आणि अखेर १८६० साली कायमचे इंग्रजी अमलाखाली गेले. आपल्यापैकी कित्येक घराण्यांची पाळेमुळे याच शंभर वर्षांत या मुलखात रुजली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा आपण सांध्याच्या अलीकडे उरलो. पण तो विषय या लेखाचा नव्हे.

मोगली छावणीचे तंबू आतून छापील व चितारलेल्या सुती कनातींनी मढविलेले असत. अशा काही कनाती जगातील संग्रहालयांत आहेत आणि त्यांतील काहींचे मूळ जाणकार बुऱ्हाणपूरकडे नेतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील कनातीची गणना त्यांत होते. कनातीवर एकामागून एक महिरपी असतात आणि प्रत्येक महिरपीत फुललेले एक झाड असते. नक्षी पुन:पुन्हा येते, परंतु एक झाड दुसऱ्याला भिडत नाही; मध्ये महिरपीचा खांब असतो. सांध्याचा प्रश्न सोडविण्याचा हा पहिला उपाय: सांध्यावर चौकट उभी करणे.

दुसरा उपाय बुट्टीचा. मोकळ्या जमिनीवर सुटी फुले विखुरली की ठशाची कड कोऱ्या जागेत पडते. रंगच नाही तेथे सांधा दिसणार कसा? पण या उपायाला एक खोड आहे. बुट्ट्या सरळ रांगांत पडल्या तर रांगांमधल्या कोऱ्या जागेचेच रस्ते दिसू लागतात आणि लुगडे जणू शेतातल्या सऱ्यांसारखे भासते. म्हणून एक रांग सोडून दुसरी अर्ध्या अंतराने सरकवायची. सरकविल्याने डोळ्याला सलग रस्ता सापडत नाही.

तिसरा आणि खरा कठीण प्रकार म्हणजे जाळ. यात वेल कापडभर पसरलेली असते. ती ठशाच्या उजव्या कडेतून बाहेर पडते आणि पुढच्या ठशाच्या डाव्या कडेतून आत शिरते. म्हणून ठसा कोरणाऱ्याने उजवी कड कोरताना डावी ध्यानात ठेवली पाहिजे आणि वरची कोरताना खालची. आमच्या बासनासारखी विटांची बांधणी असली तर काम आणखी अवघड होते, कारण तेव्हा वरच्या कडेचा डावा अर्धा भाग खालच्या कडेच्या उजव्या अर्ध्या भागाशी जुळावा लागतो आणि वरचा उजवा खालच्या डाव्याशी. हे सगळे सागवानाच्या एका ठोकळ्यावर, उलट्या चित्रात, छिन्नीने.

ही विद्या आज जिवंत पाहायची तर आपल्या राज्यात धार जिल्ह्यातील बाग येथे जावे. नोकरीच्या काळात त्या भागात फिरताना मी तेथल्या खत्री कारागिरांचे काम दोन-तीनदा पाहिले. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवितात, त्याने ते पिवळसर होते. काळ्यासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ यांचे आंबवण, लाल रंगासाठी तुरटी. दोन्ही चिंचोक्याच्या खळीत घट्ट केलेली. रेषेचा ठसा वेगळा, जमिनीचा वेगळा, भरणीचा वेगळा. छापून झाल्यावर कापड काही दिवस वाळू देतात, मग बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात धावड्याची फुले व आलिझरीन घालून उकळतात. लाल रंग उजळतो तो या उकळीत. तुरटीचा ठसा उमटवितानाच लाल दिसत नाही. म्हणजे छापणारा माणूस जो सांधा जुळवीत असतो, त्याचा खरा निकाल त्याला काही दिवसांनी कळतो.

मी त्याला विचारले, इतक्या वेगाने ठसे मारताना सांधा कसा जुळतो? त्याने ठसा उलटा करून दाखविला. कोपऱ्यात बारीक टिंब होते. पहिल्या ठशाचे टिंब उमटले की पुढच्या ठशाचा कोपरा त्यावर बसवायचा, आणि ते टिंब नक्षीतच अशा ठिकाणी लपविलेले की परागाचा एक कण वाटावा. ठोकळ्यात आरपार भोकेही होती. हवा कोंडून रंग पसरू नये म्हणून. किनार कोपऱ्यावर वळविताना मात्र टिंबाचा उपयोग नाही; तेथे कागदाचा तिरपा तुकडा ठेवून अर्धा ठसा झाकतात.

पाण्याचा विषय निघालाच म्हणून सांगतो. विदिशा जिल्ह्यातील सिरोंज हे सतराव्या शतकात चिटासाठी बुऱ्हाणपूरहूनही अधिक गाजलेले गाव. तेथील रंग धुण्याने फिके पडण्याऐवजी अधिक खुलतात आणि ते नदीच्या पाण्याचे गुण आहेत, अशी नोंद ताव्हेर्नियेनेच केली आहे. चीट हा आपला साधा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी ‘शिता’ आणि इंग्रजांच्या तोंडी ‘चिंट्झ’ झाला. हे कापड युरोपात इतके खपू लागले की तिकडचे विणकर रस्त्यावर आले. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० मध्ये भारतीय छापील कापडाची आयात बंद करणारा कायदा केला आणि १७२१ मध्ये तो आणखी कडक केला. बंदीच्या आडोशाने त्यांचे स्वत:चे छपाईचे धंदे वाढले, आणि १७८३ मध्ये टॉमस बेल याने कोरलेल्या धातूच्या रुळाने कापड छापण्याचे पेटंट घेतले.

या रुळात सांध्याच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट घडली, तिच्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष जात नाही. रुळाला वरची आणि खालची कड नसते. नक्षी रुळाभोवती गुंडाळली की तिचा शेवट तिच्या आरंभालाच येऊन मिळतो, बांगडीसारखा. रहाटगाडग्याचे गाडगे वर येऊन रिकामे होते, पलीकडे जाते आणि पुन्हा अलीकडून वर येते, तसे. हाताच्या ठशात जो सांधा कापडावर दर चार बोटांनी जुळवावा लागे, तो रुळात एकदाच, कोरतानाच जुळवून टाकला गेला. पुढे तांब्याच्या रुळाची जागा जाळीच्या फिरत्या नळकांड्याने घेतली, तरी तत्त्व तेच राहिले. या नळकांड्याचा परीघ बहुधा ६४ सेंटिमीटर असतो. म्हणून नक्षीची उंची ६४, ३२ किंवा १६ सेंटिमीटर, अशी त्या परिघाला नि:शेष भाग जाईल अशीच ठेवावी लागते. बाजारातल्या चादरीवर पट्टी ठेवून पाहावी, पुष्कळदा हाच हिशेब निघतो.

यंत्राच्या रेट्याविरुद्ध विल्यम मॉरिसने लंडनजवळ मर्टन ॲबी येथे पुन्हा लाकडी ठसे आणि नीळ हाती घेतली. १८८३ मधली त्याची स्ट्रॉबेरीवरच्या पक्ष्यांची नक्षी आजही प्रसिद्ध आहे. गणितज्ञांनीही याच सुमारास या प्रश्नाला हात घातला. सपाट पृष्ठावर नक्षी दोन दिशांनी पुन:पुन्हा मांडण्याच्या सममितीच्या तऱ्हा सतराच आहेत, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह याने १८९१ मध्ये सिद्ध केले. आपल्याकडच्या कोणत्याही जाळीवरची वा चिटावरची अशी नक्षी घ्या, ती या सतरांतच बसते. कारागिराला सतरा हा आकडा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता संगणकाकडे येतो. नातीने दुसऱ्या दिवशी जी रीत वापरली ती मी तिच्याकडून समजावून घेतली आणि मला ती रुळाचीच पुढची पायरी वाटली. फोटोशॉप १९९० पासून आणि फुकट मिळणारे गिम्प १९९६ पासून प्रचारात आहे. दोन्हींत ‘ऑफसेट’ नावाची एक सोय आहे. चित्राची रुंदी समजा एक हजार ठिपक्यांची आहे. ‘ऑफसेट’ने ते पाचशे ठिपके उजवीकडे सरकविले की उजवीकडून बाहेर पडलेला अर्धा भाग डावीकडून आत येतो. तसेच अर्ध्या उंचीने खाली सरकविले की खालून गेलेले वरून येते. चित्र जणू आडव्या आणि उभ्या अशा दोन रुळांवर एकाच वेळी गुंडाळलेले असते. परिणाम असा, की चारही कडा चित्राच्या मधोमध येऊन अधिक चिन्हासारख्या एकमेकींना छेदतात आणि चारही कोपरे एका बिंदूत भेटतात. जो दोष काठावर लपून बसला होता तो डोळ्यांसमोर येतो.

उलट ज्या नव्या कडा तयार झाल्या त्या कोणत्या? मूळ चित्राच्या पोटातल्या, मुळातच एकमेकींना लागून असलेल्या दोन रेघा. त्यांना जुळविण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त मधला क्रूस दुरुस्त करायचा: तुटलेला दांडा जोडायचा, अर्धे पान पुरे करायचे, कडेला धक्का न लावता. मग पुन्हा एकदा सरकवून तपासायचे. चित्रकलेच्या शाळांतून हेच काम कागद कापून, अर्धे तुकडे उलटसुलट जोडून, मधली भेग रंगवून शिकवीत असत. संगणक ते क्षणात करतो, एवढाच फरक. भेग मात्र माणसालाच रंगवावी लागते. सगळे आपोआप करून देणारी आज्ञाही गिम्पमध्ये आहे. नातीने ती वापरून पाहिली. कडा एकमेकींत विरघळल्या खऱ्या, पण वेल धुक्यात गेल्यासारखी झाली. मला ती आज्ञा मुळीच आवडली नाही.

सावलीचा दोष सर्वांत चिवट निघाला. रेषा तंतोतंत जुळल्या तरी एका बाजूची छटा दुसरीपेक्षा गडद असेल तर पट्टे उमटतातच. आधी छटा सारखी करावी आणि मगच कडांना हात घालावा, हे आम्ही दोन दिवस वाया घालवून शिकलो. आणि पहिल्या दिवशीची फरशी का झाली तेही उलगडले. तिने एका ठशाएवढा चौकोन कापला होता. विटांच्या बांधणीला मात्र दोन रांगा मिळून एक चौकोन घ्यावा लागतो, सरळ रांग आणि तिच्याखालची सरकलेली.

सांधा जुळला, वेल सलग झाली. मग प्रश्न आला तो चुकलेल्या दांड्याचा. आम्ही घेतलेल्या चौकोनात तो होता. तसाच ठेवला तर प्रत्येक चौकोनात दोन धाग्यांची तीच चूक येणार, आणि कापडावर चाळीस वेळा आलेली चूक ही चूक राहात नाही, नक्षी होते. दुरुस्त केला तर नक्षी निर्दोष होणार, पण ज्या हाताने ती छापली त्याची कापडावर उरलेली एकमेव खूण जाणार. नात म्हणाली, दुरुस्त करू या. मी म्हणालो, राहू दे. आमचा वाद दोन जेवणे पुरला. सरकारी नोकरीत मी आयुष्यभर नकला मुळाबरहुकूम असल्याची सही केली. नक्कल करणाऱ्याने मुळातली चूक दुरुस्त करू नये, हा त्या कामाचा पहिला धडा. तिचे म्हणणे असे, की ही नक्कल नाही, हे नवे बासन आहे.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. बागच्या छपाईला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, तरी जाळीवर भराभर छापलेले तिचे सोंग बाजारात उघडपणे विकले जाते. घेणाऱ्याला ते ओळखता येत नाही आणि त्यात बागच्या कारागिराच्या हाती काही लागत नाही. मँचेस्टरने आपल्या चिटाची नक्कल केली म्हणून आपण दीडशे वर्षे हळहळलो; आता ती आपणच आपल्या माणसांची करतो. तिचा तो चौकोन एखाद्या गिरणीच्या हाती लागला तर हजारो मीटर कापड निघायला एक दिवस पुरेल. तिने चौकोन कोणाला देणार नाही असे कबूल केले. तरुण मुलीवर अशी बंधने घालावीत की नाही, याविषयी मी स्वत: अजून साशंक आहे.

दांड्याचा वाद शेवटी शाईच्या फवाऱ्याने छापणाऱ्या नव्या यंत्राने सोडविला. या यंत्रात रूळ नाही, ठसा नाही, ६४ सेंटिमीटरची मर्यादा नाही. कितीही लांबीचे एकच चित्र ते छापू शकते. म्हणजे नक्षी पुन:पुन्हा येण्याची गरजच संपली. ती आता केवळ आवडीपुरती उरली आहे. मग नातीने दुरुस्त केलेला चौकोन मांडून दीड हात चौरस कापडाचे एकच चित्र तयार केले, सुमारे ऐंशी ठशांचे, आणि त्यात चुकलेला दांडा एकदाच ठेवला.

इंदूरच्या एका छपाईवाल्याकडून पहिल्या खेपेला लाल रंग विटकरी आला, तो परत करावा लागला. दुसऱ्या खेपेचा चांगला होता. नव्या बासनात आता पोथी बांधली आहे. घडी घातली की दोन धाग्यांची ती चूक आतल्या बाजूला जाते. जुना वीतभर तुकडा पोथीच्या वरच्या फळीखाली ठेवला आहे.